गाळमोजणी

निफाडात पारा चारवर उतरला त्या पहाटे
द्राक्षबागांतून शेकोट्या धुमसत होत्या
आणि आम्ही दोघं खानगाव थडीच्या काठाला
होडीतलं दव फडक्यानं पुसत होतो.

पुंजाराम भोयांच्या हातात बांबू,
त्यावर वीत-वीत अंतरानं लाल रंगाच्या रेघा.
माझ्या मांडीवर खात्याचा तक्ता:
ठिकाण क्रमांक, पाण्याची खोली, गाळाची जाडी, शेरा.
शेऱ्याचा रकाना सगळ्यांत अरुंद.

बांबू पाण्यात सरळ उतरतो,
मग जरा जड होतो, मग आणखी जड,
अडत मात्र नाही लवकर.
"तळ कुठं धरू?" मी विचारते.
"तुम्हाला कुठला पाहिजे?
पाणी संपतं एका जागी, भुई लागते दुसऱ्या.
मधलं दोन हात कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही."

त्या दोन हातांत काय काय आहे.
त्र्यंबकच्या वरच्या अंगाला झाडं गेली,
मुळांची मूठ सुटली,
नागलीच्या वावरातली लाल माती
तीन-चार पावसाळे रस्त्यात काढून इथं आली
आणि बंधाऱ्यापाशी पाण्याचा वेग मेला तशी खाली बसली.
जड ते आधी बसतं, हलकं लांब जातं,
हा नदीचा जुना हिशोब.
हल्ली जड ते स्लॅबात बसतं.
वाळू वाटेतच ट्रॅक्टर उतरवून घेतात,
आमच्यापर्यंत येतं ते नुसतं पीठ.

पिठात मग शहर कालवलं जातं.
नाशकानं भांडी घासली, कपडे धुतले,
चेंबरची झाकणं लावली आणि विसरलं.
बागांचं उरलंसुरलं खत
कादवेकडून येऊन मिळालं.
"पानवेलीला कशाला शिव्या द्यायच्या," पुंजाराम म्हणतात,
"ताटात वाढाल तेवढं जेवते बिचारी."
तिच्या हिरव्या सतरंजीखाली दिवसाही रात्र असते.
पहाटे पाण्यातला श्वास संपत येतो
तेव्हा मरळ वर येऊन घोटभर हवा पिते,
तिला ते जमतं.
रोहूला जमत नाही.
रोहू उलटा होतो, कुजतो, गाळाला लागतो,
आणि पुढच्या पानाला खत मिळतं.

एवढं सगळं खरं, आणि तरी
उजाडलं तसे थापट्या बदकांनी
त्याच चिखलात चपटे वाढणे घातले
आणि गाळून गाळून खायला लागले.
लांबच्या उंचवट्यावर चक्रवाकाची जोडी,
शेकोट्यांच्या धुरातून
ती जास्तच केशरी दिसते.
तो उंचवटा माझ्या आईच्या लहानपणी नव्हता.
डोंगरानं गमावलं त्याचाच तो झालाय.

पुढच्या महिन्यात गाळ काढायची मशिनं येणार.
ट्रॉल्यांचे नंबर लागलेत आत्ताच,
आणि त्यांचंही खोटं नाही,
माती मुळात वावरातलीच.
किती काढायची ते माझ्या तक्त्यावरून ठरेल,
म्हणजे या बांबूवरून,
म्हणजे पुंजारामांच्या तळव्याला
कुठं "लागलं" वाटतं त्यावरून.

"इथं किती लिहू?"
ते बांबू हलकेच फिरवतात,
आजारी माणसाची नाडी बघावी तसे.
"साडेतीन हात लिहा. पण अर्धा जिवंत आहे."

जिवंत गाळाला रकाना नाही.
शेऱ्यात लिहायला जाते तर गारठ्यानं पेन चालत नाही,
तळहातावर घासते, फुंकर घालते,
निळी रेघ उमटते ती हातावर.

बांबू वर येतो. खालून काळा,
मधे राखी, वर तांबूस,
डोंगर उलटा उभा केल्यासारखा.
धुवायला वाकणार तेवढ्यात
एक धोबी पक्षी नाळेवर उतरतो,
शेपूट दोनदा आपटतो,
काळ्या पट्ट्यातून एक लालसर धागा
ओढून काढतो आणि जातो.

पुंजाराम बांबू तसाच आडवा ठेवतात.
"चला," म्हणतात,
"अठरा नंबर."